रिफ्रेशभाऊ

कुणाच्याही कॉम्प्युटरसमोर बसले की भाऊंचा उजवा हात आधी माऊसवर जातो आणि मोकळ्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'रिफ्रेश' मारतो. एकदा मारून त्यांचं समाधान होत नाही. पडद्यावरचे आयकॉन क्षणभर गुप्त होतात, जागच्या जागी परत येतात, पुन्हा गुप्त होतात. मग भाऊ मान डोलावतात, "हं, आता जरा मोकळं झालं" म्हणतात आणि खुर्ची पुढे ओढून विचारतात, "बोला, काय त्रास आहे?" उपचार आधी, तक्रार नंतर, असा हा दवाखाना.

गणेशपुरीत त्यांना तोंडावर 'भाऊ' आणि पाठीमागे 'रिफ्रेशभाऊ' म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना तो किताब वाटतो.

रिफ्रेशने खरं म्हणजे फार काही होत नाही. डेस्कटॉप हाही एक फोल्डरच. रिफ्रेश मारलं की विंडोज त्यातली यादी पुन्हा वाचते आणि आयकॉन पुन्हा काढते, एवढंच. मेमरी रिकामी होत नाही, प्रोसेसरचा भार हलका होत नाही. वाड्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने हे भाऊंना समजावून सांगायचं धाडस केलं होतं. भाऊंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, घंटा वाजवल्याने देव जागा होतो असं थोडंच आहे? आपण आलोय एवढं कळवायचं असतं." पोरगा गप्प झाला. ज्या गावाचं सगळं चलनवलन देवळाभोवती, तिथे या युक्तिवादाला उत्तर नाही.

गणेशपुरी तसं लहान गाव. तानसा नदी, मंदाग्नीचा डोंगर, गरम पाण्याची कुंडं आणि भगवान नित्यानंदांचं समाधिमंदिर. बाबांनी १९६१ साली ८ ऑगस्टला देह ठेवला. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे पुढे गावाचं नाव सातासमुद्रापार गेलं. त्यामुळे गाव लहान असलं तरी कॉम्प्युटरचं काम लहान नाही. शेतकऱ्याला सातबारा हवा असतो, शाळेला निकालपत्रकं, पतपेढीला खातेउतारे. लॉजमध्ये परदेशी पाहुणा उतरला की त्याची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. अशा वेळी मशीन रेंगाळलं तर कंपनीचा इंजिनिअर फोनवर "भिवंडीहून निघालोय" म्हणतो आणि दिवेलागणीपर्यंत निघालेलाच असतो. भाऊ मात्र फोन ठेवायच्या आत स्कूटरला किक मारतात. अकलोली, वज्रेश्वरी, अंबाडी नाका एवढा त्यांचा मुलूख. उसगावपलीकडे ते शक्यतो जात नाहीत, कारण तिथे दुसरा एक भाऊ आहे.

त्यांचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी. ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून स्कूटरच्या डिकीत, आरसी बुकाच्या वर ठेवलेलं असतं. हवालदाराने कागद मागितले की आधी तेच निघतं. तरुणपणी भिवंडीच्या एका गोदामात ते आवक-जावकेच्या नोंदी करायचे. तिथलं मशीन रोज दुपारी अडायचं आणि मालक रोज ओरडायचा. त्या दोघांना एकाच वेळी शांत करता करता भाऊंना ही विद्या लागली, असं ते स्वतः सांगतात. या विद्येतला अर्धा भाग मशीनसाठी आहे आणि अर्धा मालकासाठी, हे त्यांचं काम पाहिल्यावर आपल्याला कळतं.

त्यांच्या खांद्याच्या पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा ब्रश, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेले पेन ड्राइव्ह आणि शाळकरी पोरांचा खोडरबर असतो. खोडरबर ही त्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी खेचून काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे, फुंकर मारायची आणि पट्टी परत बसवायची. नवख्याला हा भोंदूपणा वाटेल. पण चार महिने दमट असणाऱ्या या भागात त्या दातांवर मळ चढतो, संपर्क नीट होत नाही आणि घासल्यावर मेलेलं मशीन उठून बसतं, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. अडचण एवढीच की भाऊ माऊस चालत नसला तरी रॅमच घासतात.

गावाच्या भूगोलावरही त्यांचा एक सिद्धांत आहे. "अहो, गाव गरम पाण्याचं. इथे मशीन थंड राहील कसं?" या सिद्धांताला एकदा फळ आलं. कुंडाजवळच्या एका लॉजवर मॅनेजरचं मशीन दुपारनंतर एकेक खिडकी उघडायला मिनिट मिनिट घ्यायचं. भाऊंनी टेबलाखालच्या कपाटाला हाताची पाठ लावून ताप पाहिला आणि दार उघडलं. आत सीपीयू, त्याच्यावर घडी घातलेली दमट टॉवेलांची चळत, आणि दाराला बाहेरून कडी. भाऊंनी टॉवेल हलवले, दार काढून टाकलं, समोर टेबलफॅन लावला. मशीन धावायला लागलं. यात चमत्कार नव्हता. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पण त्या दिवसापासून आसपासच्या निम्म्या कपाटांची दारं निघाली, आणि कुंडांतल्या गंधकाचा वास कॉम्प्युटरला बाधतो हे नवं कलम सिद्धांतात शिरलं.

पडद्यावर जे जे सुंदर, ते ते भाऊंचे शत्रू. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असायचं. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियात काढलेला तो फोटो. भाऊंनी तो दिसेल तिथून उडवला. "दारात मंदाग्नी असताना ही परकी टेकडी कशाला? फुकटचा लोड." टेकडीच्या जागी काळा रंग यायचा. मग ते 'बेस्ट परफॉर्मन्स'चं बटण शोधून खिडक्यांच्या सावल्या, सरकणारे मेनू, गुळगुळीत अक्षरं असं सगळं काढून टाकायचे. जुन्या, अशक्त मशीनवर याने थोडा फरक पडायचाही. पण मशीन सशक्त असलं तरी भाऊंना त्याला असं विरक्त केल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांचा हात लागलेला कॉम्प्युटर लांबून ओळखू यायचा. संन्यास घेतल्याची कळा असायची त्याच्यावर.

सर्वांत मौजेची गोष्ट त्यांच्या साफसफाईची. टेम्पच्या फायली पुसून झाल्या की ते 'प्रीफेच' नावाचं फोल्डर उघडतात आणि आतला सगळा ऐवज उडवतात. हे फोल्डर विंडोज एक्सपीपासून आलं. कुठला प्रोग्राम सुरू होताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं त्यात असतात, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर उघडावा. ती टिपणं पुसली की पुढच्या वेळी प्रोग्राम उलट उशिरा उघडतो आणि विंडोजला सगळं पुन्हा लिहून काढावं लागतं. म्हणजे भाऊ जाताना मशीन किंचित मंद करून जातात आणि त्यामुळे त्यांना पुन्हा बोलावणं येतं. यात लबाडी अजिबात नाही, कारण ते फी सांगतच नाहीत. "द्या काय द्यायचं ते" म्हणतात, आणि काही नाही दिलं तर चहा घेतात.

परवाच्या गुरुपौर्णिमेच्या आधीची गोष्ट मात्र त्यांच्या कारकिर्दीत मैलाचा दगड ठरली. देवळाच्या रस्त्यावर वहिनींचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आषाढाचा धो धो पाऊस, गावात भक्तांची रीघ, आणि अन्नदानाची पत्रकं, भंडाऱ्याच्या पावत्या, स्वागताचे फलक असं सगळं काम त्या एका मशीनवर. नेमकं तेव्हाच पत्रकाचं सॉफ्टवेअर अडायला लागलं. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला दोन श्वास लागायचे. पान खाली सरकवलं की अर्धं सरकायचं, अर्धं जुनंच राहायचं. मेनूवर क्लिक केलं की पांढरा चौकोन यायचा आणि त्यातली अक्षरं मागाहून. वहिनी चिडून आणखी पाच क्लिक करायच्या. मग पडदा फिका पडायचा, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' यायचं, आणि थोड्या वेळाने शुद्धीवर आलं की त्या पाचही क्लिकांची फळं एकदम पदरात.

या फिक्या पडद्याचंही शास्त्र आहे. आपण मारलेला प्रत्येक क्लिक रांगेत उभा राहतो आणि प्रोग्राम एकेक करून तो उचलतो. पाच सेकंद त्याने काहीच उचललं नाही, की विंडोज त्या खिडकीच्या जागी तिची फिकी नक्कल उभी करते. माणसाचं गणित त्याहून कडक. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते आणि दहा सेकंदांनी लक्ष उडतं, असं संगणक-वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ साली लिहून ठेवलंय. वहिनींचं लक्ष कधीच उडालं होतं. दारात छत्र्या मिटून माणसं उभी होती.

भाऊ आले. रेनकोट काढायच्या आधी रिफ्रेश मारलं.

"वहिनी, तुम्ही कशाला हात लावला होता का?"

"भाऊ, मी हात लावल्याशिवाय टाइप कशी करणार?"

"तसा नाही हो. आत कुठे?"

वहिनींनी आत कुठेच हात लावला नव्हता. भाऊंनी बाह्या सरसावल्या. सावल्या गेल्या, सरकते मेनू गेले, अक्षरं खडबडीत झाली. वहिनींच्या मुलीचा बारशाचा फोटो वॉलपेपरला होता, तो जाऊन काळोख आला. फरक शून्य. मग भाऊंनी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद केलं. ही चाल मात्र विचाराची होती. पडदा रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवलेलं असतं. तिचा ड्रायव्हर बिघडला तर चित्रं तुटक येतात, खिडक्या अडखळतात, आणि ते काम तिच्याकडून काढून घेतलं की बऱ्याचदा भागतं. इथे नाही भागलं.

मग रॅम निघाली. "चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ साली वसईचा किल्ला पडला," घासता घासता भाऊ पुटपुटले, "आणि इथे एक खिडकी उघडेना." दारातल्या कुणीतरी विचारलं, "नवस केलाय का भाऊ?" भाऊंनी फुंकर जोरात मारली.

पट्टी बसवल्यावर त्यांची नजर फाँटवर गेली. वहिनींच्या मशीनवर लग्नपत्रिकेचे, बारशाचे, निवडणुकीचे, भंडाऱ्याचे असे मराठी फाँट अक्षरशः ढिगाने होते. पुण्याच्या श्रीलिपीचे, सी-डॅकचे आणि कुठून आले ते कुणालाच ठाऊक नाही असे. "हा बघा लोड," भाऊ म्हणाले. यातही तथ्य होतं. फाँट फार झाले की प्रोग्राम उघडायला आणि त्यांची यादी दिसायला वेळ लागतो. पण उघडल्यानंतर प्रत्येक अक्षराला का लागावा? भाऊ हा प्रश्न न विचारताच पुसायला निघाले, तेव्हा वहिनींनी त्यांचा हात धरला. "भाऊ, मशीन न्या. फाँटना हात लावू नका. मार्गशीर्षात पत्रिका कशात छापू?"

राहता राहिला फॉरमॅट. भाऊंच्या शास्त्रात तो शेवटचा संस्कार. त्यांनी पेन ड्राइव्हचं जुडगं काढलं.

दुकानात कामाला असलेली मुलगी इतका वेळ झेरॉक्स मारत उभी होती. ती म्हणाली, "काका, नोटपॅड तर पटकन चालतंय."

"नोटपॅड हलकं असतं, पोरी."

"गाणी पण चालतात. फक्त जिथे पान असतं ना, कागदाचं, तिथेच अडतंय. आणि मंगळवारपासून."

"मंगळवारी काय झालं?"

"मंगळवारी वहिनींनी जुना प्रिंटर एक्स्चेंजमध्ये दिला."

भाऊंनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "प्रिंटरचा आणि पडद्याचा काय संबंध?"

संबंध होता. पत्रकं-पुस्तिका मांडणारी बरीच सॉफ्टवेअर पडद्यावर पान काढतानाच डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारून घेतात, की कागद केवढा, कडेला जागा किती, अक्षर किती रुंद बसणार. छापल्यावर ओळ भलतीकडे तुटू नये म्हणून ही काळजी. वहिनींचा जुना प्रिंटर नेटवर्कवरचा. तो टेम्पोतून गेला, पण कॉम्प्युटरच्या लेखी डिफॉल्ट तोच राहिला. त्यामुळे बिचारं सॉफ्टवेअर दर ओळीला गेलेल्या प्रिंटरला हाक मारत होतं आणि उत्तराची वाट बघत पडदा रंगवायचा थांबत होतं. बिघाड दिसत होता पडद्यावर, दुखणं होतं भलतीकडेच.

मुलीने प्रिंटरची यादी उघडली. गेलेल्या प्रिंटरचं नाव फिकं दिसत होतं आणि त्याच्यावर हिरवी टिकली तशीच. तिने ती नव्या प्रिंटरला दिली, जुना यादीतून काढला आणि पत्रक उघडलं. अक्षरं बोटाबरोबर उमटली. पान तेलात घातल्यागत सरकलं. दारातली माणसं पुढे सरसावली.

भाऊ क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी शांतपणे माऊस आपल्याकडे घेतला, डेस्कटॉपवर आले आणि एक रिफ्रेश मारलं.

"झालं," ते म्हणाले. "मघाशी सगळ्या अॅनिमेशन काढल्या ना, त्याने वाट मोकळी झाली. प्रिंटर निमित्तमात्र." मग मुलीकडे वळून, "पण तुझी नजर चांगली आहे हो. एमएस-सीआयटी केलंयस?"

तिने चहा आणला. भाऊंनी तिच्याकडून ती यादी कुठून उघडायची ते हळूच पुन्हा दाखवून घेतलं आणि खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं. ही गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. अडलेला माणूस वयाने धाकट्याला विचारत नाही. भाऊंनी विचारलं, तेही दारात गिऱ्हाईक उभं असताना.

तेव्हापासून त्यांच्या उपचारात प्रिंटरची भर पडलीय. आता ते कुठेही गेले की रिफ्रेश मारून पहिला प्रश्न टाकतात, "प्रिंटर कुठला?" अकलोलीच्या एका घरी म्हातारबुवा म्हणाले, "भाऊ, आमच्याकडे प्रिंटर नाही." भाऊ हसले. "असं प्रत्येकाला वाटतं." त्यांनी यादी उघडली, तर पीडीएफचा, फॅक्सचा असे विंडोजने आपणहून ठेवलेले न दिसणारे प्रिंटर आत बसलेले. म्हातारबुवा हबकले. मशीन मात्र वायफाय गेल्यामुळे अडलं होतं. ते राउटरची पिन खोचल्यावर चाललं. भाऊंच्या लेखी श्रेय फॅक्सचं.

आणि तरी गाव त्यांनाच बोलावतं. कंपनीच्या हेल्पलाइनवर मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, असं करता करता दुपार निघून जाते. भाऊ भर पावसात येतात, खुर्ची ओढतात, मशीनशी आणि आपल्याशी एकाच सुरात बोलतात आणि ते चालू होईपर्यंत उठत नाहीत. एकामागून एक चुकीची कारणं बाद होत जातात आणि शेवटी खरं कारण उरतं, नाहीतर जवळ उभं असलेलं कुणीतरी ते सांगतं. इंजिनिअरही दुसरं काय करतो? तो हेच काम क्रमाने करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बिल देतो.

तेव्हा वाचकहो, कालपर्यंत धावणारं मशीन आज अडलं, तर आधी एवढंच आठवा की मधल्या काळात काय काढलं, काय घातलं, काय अपडेट झालं. काय चालतंय आणि काय अडतंय याची यादी करा, म्हणजे निम्मं काम झालं. फॉरमॅटला तेवढं कुणालाही हो म्हणू नका. आणि एवढं करूनही अडलंच, तर आपापल्या गावच्या भाऊंना बोलवा. फक्त ते यायच्या आधी वॉलपेपरची एक कॉपी बाजूला ठेवा.